चित्र, अक्षर आणि गाव

सातारा जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर, माणगंगेच्या काठी म्हसवड वसलेले आहे. सिद्धनाथाचे देवस्थान आणि मार्गशीर्षातील रथयात्रा यांमुळे हे गाव दूरवर परिचित आहे. जवळच ब्रिटिश अमदानीत दुष्काळी काम म्हणून बांधलेला राजेवाडीचा तलाव असून पलीकडे सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुका लागतो. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तर पर्जन्यछायेतील माण तालुक्याच्या वाट्याला जेमतेम पाचशेच्या आसपास येतो. आणि तोही दरवर्षी येईलच अशी शाश्वती नसते.

अशा प्रदेशात पाण्याइतकीच आणखी एक गोष्ट घरोघर पोहोचावी लागते, ती म्हणजे माहिती. टँकर कोणत्या दिवशी येणार, रोजगार हमीच्या कामाची मागणी कोठे नोंदवायची, बालकाला लस कधी टोचायची, फवारणीचे कोणते औषध किती घातक, या प्रश्नांची उत्तरे कागदोपत्री असतात. परंतु कार्यालयाच्या भिंतीवर टाचणीने लावलेले बारीक अक्षरातील पत्रक म्हणजे माहिती पोहोचणे नव्हे. ते पाहणाऱ्याला वाचता यावे, समजावे आणि त्याने त्यानुसार वागावे, तेव्हाच माहिती पोहोचली असे म्हणता येईल. हे घडवून आणणारी एक कला आहे. तिला उपयोजित कला किंवा अलीकडच्या बोलीत ग्राफिक डिझाइन म्हणतात. या कलेची एखादी लहानशी चित्रशाळा गावाच्या सार्वजनिक कार्याला कशी उपयोगी पडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कला बाजाराची आणि लोकांची

महाराष्ट्राला ही कला नवी नाही. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला आणि १९६१ साली त्यातूनच उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था उभी राहिली. पवईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत १९६९ साली औद्योगिक अभिकल्प केंद्र स्थापन झाले. या संस्थांतून बाहेर पडलेल्या अनेकांची उमेद स्वाभाविकपणेच जाहिरातीच्या व्यवसायात खर्च झाली. साबण, चहा आणि कापड यांच्या वेष्टनांना जी कलादृष्टी लाभली, ती ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकाला क्वचितच लाभली.

तथापि माणदेशाच्या आसपास वेगळी परंपराही दिसते. आटपाडीचा मुलूख ज्या औंध संस्थानात मोडत होता, त्याचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी चित्ररामायण सिद्ध केले, औंधला चित्रसंग्रहालय उभारले आणि सूर्यनमस्काराचा प्रसारही चित्रांच्या साहाय्याने केला. याच संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी वसविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर प्रथम ज. जी. कलाशाळेचे विद्यार्थी होते. रंग ओळखण्यातील दोषामुळे त्यांनी चित्रकला सोडली आणि ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. तेथून १९२० साली निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’चे संपादक शंकरराव किर्लोस्कर हेही चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते. लोखंडी नांगराची माहिती देण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे समाजप्रबोधनाचे मासिक बनले. ‘माणदेशी माणसे’ लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर यांच्या हातीही लेखणीबरोबर कुंचला होता. चित्र आणि अक्षर यांना लोकांच्या कामी लावण्याची ही पूर्वपीठिका लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ज्यांना वाचता येत नाही, त्यांना मोजता येते

म्हसवडच्या अलीकडच्या इतिहासातील एक घटना या विषयाच्या मुळाशी नेणारी आहे. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने येथील स्त्रियांनी स्वतःची सहकारी बँक काढण्याचे ठरविले. प्रवर्तक स्त्रियांना लिहितावाचता येत नाही, या कारणास्तव रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. स्त्रियांनी अक्षर गिरविण्यास आरंभ केला आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या. आम्हाला वाचता येत नसले तरी हिशोब येतो. कोणत्याही मुद्दलावरचे व्याज आम्हाला विचारा आणि तेच गणित तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राविना करावयास सांगा, असे आव्हान त्यांनी दिले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे २००८ साली याच गावातून ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र बोलू लागले.

निरक्षर मनुष्य हा अडाणी असतो, हा समज या प्रसंगाने खोटा ठरविला. तो मोजतो, तुलना करतो, रंग आणि आकार ओळखतो, बाजारात भाव पाडून घेतो. म्हणून त्याच्यासाठी फलक करावयाचा तो त्याच्या या जाणत्या बुद्धीला उद्देशून असला पाहिजे.

आपल्या लोकशाहीने हे तत्त्व आरंभीच ओळखले होते. १९५१ च्या जनगणनेनुसार देशात साक्षरतेचे प्रमाण अवघे १८ टक्क्यांच्या आसपास होते. तरीही १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कोट्यवधी मतदारांनी मत दिले, ते मतपेटीवरील चिन्ह पाहून. निवडणूक आयोगाचे रेखाचित्रकार एम. एस. सेठी यांनी पुढे काढलेली कितीतरी चिन्हे रोजच्या घरगुती वस्तूंची होती. पतंग, कंदील, शिवणयंत्र अशी ती साधी रेखाटने आजही मतदाराला वाट दाखवितात.

शंभर टँकरांचा फलक

आकडे चित्रांतून कसे सांगावेत याचे शास्त्र व्हिएन्ना शहरात १९२५ नंतर विकसित झाले. ऑटो नॉयराथ हे समाजशास्त्रज्ञ, गेर्ड आर्न्ट्झ हे चित्रकार आणि मारी नॉयराथ या संकल्पनकार यांनी ते घडविले. पुढे १९५० च्या दशकात मारी नॉयराथ यांनी हीच पद्धती पश्चिम नायजेरियाच्या शासनासाठी आरोग्य, शिक्षण आणि मतदान या विषयांवर वापरली. या पद्धतीचा मुख्य नियम असा की, संख्या मोठी असल्यास चित्र मोठे काढू नये, चित्रांची संख्या वाढवावी. दुप्पट धान्य दाखविण्यासाठी एक पोते दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद काढले, तर डोळ्याला ते चौपट भासते. दोन सारखी पोती शेजारी ठेवली म्हणजे फसगत होत नाही.

हा नियम माणसारख्या तालुक्यातील गावाच्या पाण्याला लावून पाहू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडते. हा आकडा ऐकून मनावर काही उमटत नाही. पण दहा हजार लिटर म्हणजे एक टँकर, असे म्हणताच दुष्काळी भागातील कोणीही थबकेल, कारण टँकर त्याने दारात पाहिलेला असतो.

उदाहरणादाखल एक हजार हेक्टर क्षेत्राचे आणि दोन हजार वस्तीचे गाव घेऊ. तेथे वर्षात ४०० मिलिमीटर पाऊस झाला, तर आभाळातून चार लाख टँकर पाणी उतरले. माणशी रोज ५५ लिटर या जलजीवन मोहिमेच्या मानकाने गावाला दिवसाला ११ टँकर, म्हणजे वर्षाला सुमारे चार हजार टँकर पाणी लागते. आता भिंतीवर दहा ओळींत दहा-दहा याप्रमाणे शंभर टँकर रंगवावेत. प्रत्येक चित्र चार हजार टँकरांचे. त्या शंभरांपैकी केवळ एक चित्र निळे करावे. ते गावाचे वर्षाचे पिण्याचे आणि घरवापराचे पाणी. उरलेल्या ९९ चित्रांतील पाण्याचे काय होते, हा प्रश्न लहान मूलही विचारील. त्यातील किती वाफ होऊन गेले, किती ओढ्याने वाहून नेले, किती जमिनीत मुरले आणि किती पिकांनी घेतले, हे त्या त्या रंगाने दाखविता येते.

पिकांचा हिशोबही याच मापाने मांडता येतो. उसाला एका हंगामात सुमारे दोन हजार मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर दोन हेक्टर उसाने चार हजार टँकर पाणी घेतले; म्हणजेच संपूर्ण गावाच्या वर्षभराच्या घरगुती पाण्याइतके. ज्वारीसारख्या पिकाचे काम त्याच्या अंशानेच भागते. कोणाला दोष न देता, कोणाचे नाव न घेता हा फलक ग्रामसभेपुढे निर्णयाची सामग्री ठेवतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पावसाच्या नोंदी घेऊन पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याची आणि त्यानुसार पीक ठरविण्याची रीत घालून दिली. माण तालुक्यातील टाकेवाडी गावाने २०१८ साली पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळविला. श्रमदानाने अडविलेले पाणी पुढे जपून वापरावयाचे, तर त्याचा हिशोब सर्वांच्या डोळ्यांपुढे राहणे अगत्याचे आहे.

चिन्ह फसते तेव्हा

चित्र काढले म्हणजे ते समजलेच, असे मात्र नाही. कीटकनाशकांच्या डब्यांवर १९७१ च्या नियमांनुसार रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे किंचित विषारी. चारही रंग विषाचेच आहेत. परंतु रस्त्यावरील हिरवा दिवा ‘जा’ म्हणतो आणि खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरील हिरवा ठिपका शाकाहाराची खूण सांगतो. त्यामुळे औषधाच्या डब्यावरील हिरवा त्रिकोण पाहून ‘हे निर्धोक आहे’ असा अर्थ कोणी घेतला, तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. अशा दुर्घटनेमागे अनेक कारणे असतात. परंतु डब्यावरील खूण फवारणाऱ्याला उमगणे, ही जिवाशी गाठ असलेली बाब आहे एवढे त्यावरून निश्चित ध्यानात यावे. कृषी सेवा केंद्राच्या दारात चारही त्रिकोण मोठ्या आकारात रंगवून प्रत्येकाखाली ‘हेही विषच’ असे लिहिणे, हे एका दिवसाचे काम आहे.

नेपाळमध्ये १९७६ साली युनिसेफच्या साहाय्याने डायना फसेल आणि आने हालान यांनी खेड्यांतील लोकांना निरनिराळ्या पद्धतीची चित्रे दाखवून त्यांत काय दिसते ते विचारले. शहरी चित्रकाराला सोपी वाटणारी काडीची माणसे पुष्कळांना ओळखता आली नाहीत. छायेसह काढलेली, वस्तूचे खरे रूप राखणारी चित्रे अधिक ओळखली गेली. चित्रातून उपदेश आपोआप कळतो, ही समजूतही टिकली नाही. सोबत बोलणारे माणूस लागतेच, असा धडा या पाहणीने दिला.

यावरून एक साधा नियम निघतो. फलक भिंतीवर चढविण्यापूर्वी त्याचा कच्चा नमुना गावातील दहा माणसांना दाखवावा. त्यांत वृद्ध स्त्री असावी, शाळकरी मूल असावे, शेतमजूर असावा. आपण काही न सांगता ‘यात काय दिसते?’ एवढेच विचारावे. दहांपैकी चौघांनी भलतेच सांगितले, तर दोष त्यांचा नसून चित्राचा आहे. ते बदलावे आणि पुन्हा दाखवावे.

देवनागरीची ठेवण

चित्राइतकेच महत्त्व अक्षराला आहे. देवनागरीच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार, तर पायाशी उकार आणि जोडाक्षरांचे फाटे असतात. दोन ओळींत पुरेसे अंतर न ठेवल्यास वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो आणि ‘दिन’ की ‘दीन’ हे कळेनासे होते. दहा फुटांवरून वाचावयाचे अक्षर निदान इंचभर उंच असावे, असा रंगाऱ्यांचा साधारण ठोकताळा आहे. तीस फुटांवरून वाचावयाचे तर तीन इंच. गडद पार्श्वभूमीवर फिकट किंवा फिक्यावर गडद अक्षर असावे. लालावर हिरवे लिहिण्याची हौस टाळावी, कारण काही जणांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत.

संगणकाच्या युगात देवनागरीच्या ठेवणीकडे मराठी माणसांनीच लक्ष दिले, ही अभिमानाची गोष्ट होय. पवईच्या केंद्रात अध्यापन केलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी संकल्पिलेला ‘मंगल’ हा टंक जगभरच्या संगणकांवर पोहोचला. मुंबईतील ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या लहानशा गटाने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे टंक कोणालाही विनामूल्य वापरता येतील अशा खुल्या परवान्याने उपलब्ध करून दिले आहेत. लहान चित्रशाळेने लोककार्य कसे करावे, याचा हा आदर्श नमुना म्हणता येईल. एकदा केलेले काम हजारो शाळा, पंचायती आणि संस्था यांच्या कामी येते. या टंकांचा आणखी लाभ असा की, ते युनिकोड पद्धतीचे असल्याने एका कार्यालयात टंकलिखित केलेला मजकूर दुसऱ्या कार्यालयात उघडताच अगम्य चिन्हांत बदलत नाही.

भिंत की फ्लेक्स?

पूर्वी तालुक्याच्या प्रत्येक बाजारगावात पेंटर असे. दुकानाची पाटी, बैलगाडीवरील नाव, शाळेच्या भिंतीवरील नकाशा आणि कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण ही सारी त्याचीच कामगत. पुढे फ्लेक्सचे छपाईयंत्र आले. काम तासाभरात होऊ लागले आणि पेंटरचा कुंचला कोरडा पडला. पण फ्लेक्स हे प्लॅस्टिक आहे. ते उन्हात विटते, वाऱ्याने फाटते आणि अखेर ओढ्यात किंवा उकिरड्यावर जाते. चौकातील फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छा देणाऱ्यांच्या चेहऱ्यांची इतकी दाटी होते की, शेजारी लसीकरणाची सूचना असेल तर ती दृष्टीआड होते.

चार दिवसांच्या कार्यक्रमासाठी कापडी फलक पुरेसा असतो. चार वर्षे टिकवावयाच्या माहितीसाठी रंगविलेली भिंत हेच साधन योग्य होय. आकडा बदलला तर तेवढाच भाग पुसून नवा लिहिता येतो, आणि गावातील हाताला काम मिळते.

पंचायतीने काय करावे

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या चौथ्या कलमाने सार्वजनिक प्राधिकरणांवर आपण होऊन माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले आहे. ती देताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागातील संपर्काचे परिणामकारक साधन यांचा विचार करावा, असेही त्या कलमात नमूद आहे. म्हणजे सुबोध फलक ही केवळ हौसेची बाब नसून कायद्याला अभिप्रेत असलेले कर्तव्य आहे.

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. चित्रशाळा म्हणजे फार तर एक खोली, एक संगणक, एक पेंटर आणि मजकूर सोपा करून लिहिणारी एक व्यक्ती. माध्यमिक शाळेत कलाशिक्षक असतात. शासकीय रेखाकला परीक्षांना बसणारे विद्यार्थी असतात. बाजारपेठेत डीटीपी करणारी तरुण मुले असतात. त्यांना एकत्र आणण्याचे काम पंचायतीने करावे. आरंभी गावातील सर्व फलकांची एक फेरी काढून कोणते वाचता येतात आणि कोणते येत नाहीत याची यादी करावी. नंतर पाणी, आरोग्य, रोजगार आणि शिक्षण यांतील प्रत्येकी एकच विषय निवडावा. एका फलकावर एकच गोष्ट सांगावी, आणि वाचणाऱ्याने नेमके काय करावे, कोठे जावे, कोणत्या वारी जावे, हे शेवटी स्पष्ट लिहावे. ‘संबंधितांनी नोंद घ्यावी’ असे लिहिल्याने कोणीच नोंद घेत नाही. ‘बाळाला घेऊन बुधवारी उपकेंद्रात या’ असे लिहिले तर आई येते.

यात्रेच्या काळात तर या कलेची खरी परीक्षा होते. म्हसवडच्या रथयात्रेसारख्या प्रसंगी परगावचे हजारो भाविक येतात. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, प्रथमोपचार आणि हरवलेल्या मुलांची चौकी या चार ठिकाणांची चिन्हे एकाच रंगात, एकाच उंचीवर आणि गर्दीच्या डोक्यावरून दिसतील अशी लावली, तर ध्वनिक्षेपकावरचा अर्धा गोंगाट कमी होईल. हेच नमुने पुढील वर्षी पुन्हा वापरता येतात आणि शेजारच्या गावालाही देता येतात.

कामाचा मोबदला हाही विचारात घ्यावयास हवा. लोककार्य म्हटले की चित्रकाराने ते फुकट करावे, अशी अपेक्षा धरली जाते. विहिरीच्या गवंड्याला मजुरी मिळते, तशीच फलकाच्या कारागिरालाही मिळाली पाहिजे. त्यात बांधकामाच्या अंदाजपत्रकाप्रमाणे माहितीफलकाचीही तरतूद आधीच धरलेली असावी. ज्याला दाम मिळतो, त्याच्याकडून चुकीची दुरुस्तीही हक्काने करून घेता येते.

गावाच्या भिंती कोऱ्या आहेत, रंगाचे डबे महाग नाहीत आणि कुंचला धरणारे हातही जवळच आहेत. ग्रामसभेच्या पुढच्या बैठकीआधी शाळेच्या किंवा चावडीच्या एका भिंतीला चुना लावून गावाच्या पावसाचे शंभर टँकर तिच्यावर उतरविले, आणि त्यांतील निळ्या टँकराकडे बोट दाखवून एखाद्या आजीने ‘हे आपलं पिण्याचं पाणी’ असे नातवाला सांगितले, तर त्या भिंतीने आपले काम चोख केले असे समजण्यास हरकत नाही.